मंगळवारची डिश

बुरशी हा माझ्या पोटापाण्याचा विषय आहे, हे मी सासरी कधी नीट सांगितलं नाही. सासूबाई शेवटपर्यंत शेजारीपाजारी सांगायच्या, "आमची सून मोठ्या दवाखान्यात रक्त तपासते," आणि मी मान डोलवायचे. लोणच्याच्या बरणीत पांढरा ठिपका दिसला तरी ज्या बाईचा जीव खालीवर व्हायचा, तिला कोणत्या तोंडानं सांगणार, की मला पगार बुरशी वाढवण्याचाच मिळतो?

नाशिकमधल्या एका हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत मला सव्वीस वर्षं झाली. रुग्णाच्या थुंकीत, रक्तात, फुप्फुसातून काढलेल्या पाण्यात बुरशी आहे का आणि असली तर कोणती, हे बघायचं माझं काम. पूर्वी बुरशीचं नाव सापडलं की आम्ही हात झटकायचो. औषध ठरलेलं होतं आणि बुरशी त्याला मरते असं पुस्तकात लिहिलेलं होतं. मग आमच्या विभागाला नव्या मॅडम आल्या, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "ताई, ती मरते हे आपल्याला कसं कळतं?"

"पुस्तकात आहे," मी म्हटलं.

"ते पुस्तकातल्या बुरशीचं झालं. आपल्या पेशंटच्या छातीतल्या बुरशीचं कुठं लिहिलंय?"

मला राग आला. मला राग लवकर येतो आणि जाताना मात्र रमतगमत जातो. पण प्रश्न खरा होता. तेव्हापासून आमच्याकडं चार खणांची डिश सुरू झाली. तळहाताएवढी प्लास्टिकची डिश, तिला चार खण. तीन खणांत बुरशीवरची एकाच घराण्यातली तीन औषधं मिसळलेलं खाद्य, चौथ्यात नुसतं खाद्य. रुग्णाची बुरशी चारही खणांत पेरायची आणि डिश उबदार कपाटात ठेवायची. बुरशी फक्त चौथ्या खणात वाढली तर औषधं लागू पडणार. औषधाच्या खणात वाढली, तर वॉर्डात सलाईनमधून जे चाललंय ते बुरशीला चालतंय, माणसाला नाही. प्रत्येक वेळी शेजारी दुसरी तशीच डिश लावायची, तिच्यात आमच्याकडची ओळखीची, औषधाला हमखास मरणारी बुरशी. तिला मी साक्षीदार म्हणते. साक्षीदाराच्या डिशमध्ये औषधाचे खण स्वच्छ राहिले, म्हणजे डिश नीट बनलीय आणि रुग्णाच्या डिशवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

हे सगळं मला पाठ होतं. इतकं पाठ, की मी इतरांना शिकवायचे.

आता पाहुणीबद्दल सांगायला हवं. माझं माहेर लासलगावचं. वडील बाजार समितीत मापारी होते. कांद्याच्या पापुद्र्याखाली काळी भुकटी धरते, तिला आम्ही काजळी म्हणतो. तीही बुरशीच. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी माहेरी कांदे निवडून सोमवारी तशीच कामावर आले आणि त्या दिवशी लावलेल्या निम्म्या डिशांवर काजळी उगवली. तेव्हाचे साहेब मिस्कील होते. ते म्हणाले, "बाई, तुमच्याबरोबर लासलगावची पाहुणी आलीय वाटतं." तेव्हापासून आमच्याकडं नको तिथं उगवलेल्या कुठल्याही बुरशीला पाहुणी म्हणतात. कांद्याच्या दिवसांत अधूनमधून पाहुणी येतेच. डिश फेकायची, नवी लावायची, चहा घ्यायचा. मी वरवर हसायचे, पण ते नाव मला लागायचं. त्यानंतर मी माहेराहून आले की डोक्यावरून अंघोळ केल्याशिवाय घराबाहेर पडत नसे.

गेल्या वर्षी फेब्रुवारी सरता सरता निफाडकडचा एक द्राक्षबागाईतदार आमच्या अतिदक्षता विभागात आला. वय पंचेचाळीसच्या आसपास. साध्या फ्लूनं सुरुवात, मग न्यूमोनिया, मग स्टिरॉइड, मग वाढलेली साखर. तो फ्लूतून उठला असता, पण छातीत बुरशीनं ठाण मांडलं. फुप्फुसातल्या पाण्यातून माझ्याकडं हिरवट राखी रंगाची बुरशी उगवली, अशा रुग्णांत सापडते तीच. औषध आधीच चालू होतं, पहिल्या पसंतीचं. पाच दिवस झाले तरी ताप हटत नव्हता आणि ऑक्सिजन वाढवावा लागत होता. वॉर्डातल्या डॉक्टरांना एवढंच हवं होतं: या बुरशीला हे औषध लागतंय की नाही. वेगळ्या घराण्यातलं, आमच्या डिशमध्ये नसलेलं दुसरं औषध होतं, पण ते मूत्रपिंडाला जड. उगीच कोण देणार.

सोमवारी मी त्याची चार खणांची डिश लावली. मॅडम प्रशिक्षणासाठी गुरुवारपर्यंत बाहेरगावी गेल्या होत्या. आदल्या दिवशी, रविवारी, मी लासलगावला होते. भावाकडं रांगडा कांदा निघाला होता आणि वहिनीचा हात दुखत होता म्हणून मी दिवसभर निवडायला बसले. परतायला उशीर झाला, अंगात त्राण नव्हतं. सकाळी पाणी आलं नव्हतं, मी नुसती हातपाय धुऊन कामावर गेले.

मंगळवारी सकाळी कपाट उघडलं. आधी साक्षीदाराची डिश पाहिली, औषधाचे तिन्ही खण लख्ख. रजिस्टरमध्ये नोंद केली. मग त्या माणसाची डिश उजेडात धरली. चारही खणांत पांढरी, कापसासारखी लव.

चार खणांची डिश सुरू झाल्यापासून मी औषधाच्या खणात अशी वाढ पाहिली नव्हती. ऐकली होती, मॅडमच्या तोंडून, दूरच्या देशांतली. आपल्याकडं नाही. माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो रविवारच्या न धुतलेल्या केसांचा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. मला वाटलं, मीच आणली. पाहुणी आली आणि तीही एका मरणाच्या दारातल्या माणसाच्या डिशमध्ये. मॅडम आल्यावर सगळ्यांसमोर ते जुनं नाव पुन्हा निघणार, हे डोळ्यांपुढं आलं.

पहिल्या दिवशी सगळ्या बुरश्या पांढऱ्याच दिसतात. रंग दुसऱ्या दिवशी धरतो. एक दिवस थांबले असते तर काजळी असल्यास काळी दिसली असती, आणि त्याची असल्यास हिरवट राखी. हे मी नव्या मुलींना शिकवते. त्या दिवशी मी डिश नष्ट करायच्या पिशवीत टाकली, पिशवीला गाठ मारली आणि तिच्याबरोबर ज्या बुरशीतून पेरणी केली होती ती मूळ डिशही टाकली, कारण आता तिच्यावरही माझा विश्वास नव्हता. फ्रिजमधल्या राखून ठेवलेल्या नमुन्यातून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

दुपारी मॅडमचा फोन आला. "ताई, त्या पेशंटचं काही दिसतंय?"

"पाहुणी आली होती. पुन्हा लावतेय."

"बरं. तुम्ही बघताय म्हणजे प्रश्नच नाही," त्या म्हणाल्या. वॉर्डाला मी कळवलं, रिपोर्टला वेळ लागेल. त्यांनी आहे तेच औषध चालू ठेवलं.

बुधवारी खिडकीवर त्या माणसाची बायको आली. चाळिशीची, उन्हानं रापलेली, हातात जाड पुठ्ठ्याची वही. खिडकीवर "रिपोर्ट वॉर्डात मिळेल" असं मोठ्या अक्षरांत लिहिलंय. मी पाटीकडं बोट दाखवलं.

"वाचता येतंय मला," ती म्हणाली. "मला फक्त तारीख पाह्यजे. कवा लावलं, कवा कळंल."

"शनिवार धरून चाला."

तिनं तिथंच वही उघडून लिहून घेतलं. वही कसली आहे हे मी लगेच ओळखलं, आमच्या जिल्ह्यात कोण ओळखणार नाही. द्राक्ष परदेशी पाठवायचं तर प्रत्येक फवारणी लिहून ठेवावी लागते: तारीख, औषध, प्रमाण, कशासाठी, फरक आणि ज्यानं फवारणी केली त्याची सही. तपासणीवाले येतात तेव्हा बागेआधी वही बघतात. हिनं बागेची पानं संपली तिथून पुढं नवऱ्याची औषधं लिहायला घेतली होती. त्याच रकान्यांत. सहीच्या रकान्यात वॉर्डातल्या सिस्टरांच्या सह्या होत्या. एका ठिकाणी सहीऐवजी "मागितली, दिली नाय" असं लिहिलेलं होतं. मला हसू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

गुरुवारी पहाटे त्याच्या खोकल्यातून रक्त पडलं. वॉर्डातून आलेल्या नमुन्याच्या चिठ्ठीवर मी ते वाचलं. सकाळी मी नवी डिश लावली, साक्षीदारासकट. एकीनं चहा आणला तर तिच्यावरच खेकसले.

चारच्या सुमाराला ती पुन्हा खिडकीवर. "लय रक्त पडलं, ताई."

"मी डॉक्टर नाही. मी काही करू शकत नाही," मी म्हटलं. आवाज वाजवीपेक्षा चढला होता.

तिनं तो मनावर घेतला नाही. म्हणाली, "मी भांडाया नाय आले. येक इचारते. आमच्या बागंत भुरी येती. पानावर पांढरी पांढरी दिसती. औषध मारूनबी दिसली, तर आम्ही म्हनत नाय का दुसरीकडून उडून आली आसंल. आम्ही म्हनतो, ह्या औषधाला ऐकंना झाली. लगेच औषध बदलतो. तुमच्यात बदलत नाय का?"

मी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही, कारण ती बोलत होती तेव्हाच मला मंगळवारची डिश दिसायला लागली होती. पांढरी लव चारही खणांत सारखी होती. जिथं मी पेरलं होतं नेमकं तिथंच, मधोमध. उडून आलेली बुरशी कडेला पडते, कुठंही पडते, वाटेल तशी पडते. पेरल्या जागी चार खणांत चार ठिपके ती कशी काढील?

ती गेल्यावर मी रजिस्टर काढलं. मंगळवारच्या पानावर माझ्याच अक्षरात: साक्षीदार डिश, औषधाच्या खणांत वाढ नाही, डिश योग्य. आणि त्याखाली, तीन मिनिटांनी केलेली दुसरी नोंद: रुग्णाची डिश दूषित, टाकली. दोन ओळी एकमेकींशी भांडत होत्या आणि त्या मीच लिहिल्या होत्या. पुरावा साक्षीदारानं दिला होता, मी त्याला ऐकूनही घेतलं होतं. नंतर मला माझ्या केसांची लाज वाटली म्हणून मी खटलाच मोडीत काढला.

मी खुर्चीत बसून रडले. सव्वीस वर्षांत तिथं बसून रडण्याची ती पहिली वेळ. मग उठून वॉर्डाच्या डॉक्टरांना फोन केला आणि सांगितलं, मंगळवारी वाढ दिसली होती, ती खरी असू शकते. ते म्हणाले, "असू शकते यावर मी त्याच्या किडनीला हात लावू का? हातात काय आहे तुमच्या?" हातात काहीच नव्हतं. पिशवी केव्हाच वाफेच्या भट्टीतून जाऊन विरघळली होती.

शुक्रवारी मॅडम आणि मी बरोबरच कपाट उघडलं. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं, डिश आधी बोलू दे असं मी ठरवलं होतं. साक्षीदार लख्ख. त्या माणसाच्या डिशमध्ये चारही खणांत, मधोमध, पांढरे ठिपके. मंगळवारी होतं तेच, केसभरही फरक नाही.

मॅडमनी डिश खाली ठेवायच्या आधीच वॉर्डाला फोन लावला. "उद्याची वाट बघू नका. हे औषध लागत नाहीये. बदला." दुपारच्या आत दुसरं औषध चालू झालं. मग मी त्यांना मंगळवार सांगितला. रविवारसकट, केसांसकट. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "म्हणजे तीन दिवस."

"तीन दिवस."

"मी फोनवर एक प्रश्न जास्त विचारायला हवा होता," त्या म्हणाल्या. चुकांच्या नोंदीचं रजिस्टर माझ्यापुढं ठेवून त्या वॉर्डात गेल्या. मी लिहून काढलं. विभागापुरतं ते प्रकरण तिथं संपत होतं.

शनिवारी ती आली, ठरल्या तारखेला. नव्या औषधाला जेमतेम एक दिवस झाला होता, ताप तसाच होता, काय होणार हे कुणालाच माहीत नव्हतं. यावेळी ती खिडकीपाशी न थांबता थेट दारात आली. चेहरा बदललेला. वॉर्डातल्या कुणीतरी तिला सांगितलं होतं, की शेतातली बुरशीनाशकं आणि माणसांची औषधं एकाच घराण्यातली असतात आणि सारख्या फवारणीनं बुरशी सवयीची होते.

मी तिला बाकावर बसवलं. तिनं वही मांडीवर उघडून मागची पानं काढली. "हे बघा. छाटणीपासनं पाच येळा येकच औषध. हे म्हनत व्हते बदलू. मी म्हनले, चांगलं लागू पडतंय तर कशाला बदलायचं. मी सांगितलं, ह्यांनी मारलं. सही ह्यांची हाय, पन केलं मी." तिनं वर पाहिलं. "आमच्याच बागंतून आलं का ते?"

खरं उत्तर असं, की कुणालाच सांगता येत नाही. अशी बुरशी कुठल्याही बागेत तयार होऊ शकते, फुलांच्या मळ्यात, कचऱ्याच्या ढिगात, आणि वाऱ्याबरोबर कुठूनही कुणाच्याही छातीत जाते. मी तिला तसं सांगितलं. तिला ते पटलं नाही. ती त्या पाच ओळींकडं बघत राहिली.

इथं मी गप्प बसू शकले असते. झाकली मूठ सव्वा लाखाची. सगळा दोष तिनं आपणहून आपल्या अंगावर घेतला होता, माझ्यासाठी काही उरलंच नव्हतं. आणि कबूल करते, मला तेवढा वेळ सुटल्यासारखं वाटलं. तिच्या त्या पाच ओळींच्या मागं माझे तीन दिवस कुणाला दिसलेच नसते.

"बाई," मी म्हटलं, "बागेचं मला माहीत नाही. माझं माहीत आहे." आणि मी सांगितलं. मंगळवारी डिशनं बरोबर सांगितलं होतं. मी ती फेकली. माझ्याकडून कांद्याची बुरशी आली असेल आणि लोक हसतील, या भीतीनं फेकली. औषध मंगळवारी बदललं असतं, ते शुक्रवारी बदललं.

तिनं बोटांवर वार मोजले. मग म्हणाली, "रक्त बेस्तरवारी पडलं."

"हो."

तिनं वही पुढच्या कोऱ्या ओळीवर आणली, ब्लाउजला अडकवलेलं पेन काढलं आणि लिहायला लागली. मी उलट्या बाजूनं वाचत होते. तारीख: मंगळ ते शुक्र. औषध: न लागणारं चालू ठेवलं. कशासाठी: डिश फेकली म्हणून. फरकाच्या रकान्यापाशी ती थांबली, आणि लिहिलं: रक्त.

मग तिनं वही माझ्याकडं फिरवली आणि सहीच्या रकान्यावर बोट ठेवलं. "ज्यानं केलं त्यानं करायची. आमच्यात तसंच आसतंय."

मी सही केली. पूर्ण नाव लिहून. तिनं ती वाचली आणि मग पानं मागं उलटून त्या पाच ओळींवर आली. प्रत्येक ओळीत नवऱ्याच्या सहीशेजारी तिनं आपली सही केली. पाच वेळा, सावकाश. वही मिटली आणि वॉर्डाकडं गेली.

तो जगला. ताप उतरायला सहा दिवस लागले, घरी जायला पाच आठवडे. उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग कामातून गेला. पाठीवर पंप घेऊन फवारणी करणं आता त्याच्या नशिबात नाही, ती बाई करते. घरी जायच्या दिवशी ती खिडकीवर आली आणि म्हणाली, "औषध बदलून बदलून मारते आता." एवढंच.

आमच्याकडं आता पाहुणी हा शब्द कुणी वापरत नाही, निदान माझ्यासमोर नाही. डिश फेकायच्या पानावर मी पट्टी घेऊन एक नवा रकाना आखलाय, सहीचा. ज्या हातानं फेकली त्याची. पानावरची पहिली ओळ मी मागच्या तारखेनं भरली आहे, मंगळवारची, आणि तिच्यापुढं माझं पूर्ण नाव आहे.